‘किती जण?’ ‘एक.’

जपानच्या व्हिसासाठी एक तक्ता भरून द्यावा लागतो. तारीख, त्या दिवशी काय करणार, कुठे राहणार, तिथला फोन नंबर. एका ओळीत एक दिवस. २०२४च्या सप्टेंबरात जेवणाच्या टेबलावर बसून मी तो भरला. चौदा ओळी लिहून झाल्या, तेव्हा पहिल्यांदा खात्री वाटली की आपण खरंच जातोय. एकटीच.

त्याआधी मी दोनदा परदेशी गेले होते, दोन्ही वेळा टूरबरोबर. बस थांबेल तिथे उतरायचं, सांगितलेल्या वेळेला परत चढायचं. पॅरिसमध्ये तीन दिवस राहिले, पण तिथल्या एकाही मेट्रो स्टेशनचं नाव मला सांगता येणार नाही. शहर बघून आले आणि शहरात मात्र गेलेच नाही, ही रुखरुख बरीच वर्षं मनात होती.

जपानच का, याचं उत्तर साधं आहे. सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मी पंधरा वर्षं सकाळी फिरायला जाते. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणून ते बांधलं गेलं, ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर. रोज नक्कल बघतोय, एकदा अस्सल बघून यावं, एवढंच होतं मनात. ह्यांचं औषधांचं दुकान आहे, दोन आठवडे शटर ओढून ठेवणं शक्य नाही. मुलगा बंगळुरूला, त्याला रजा नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, “जाऊन ये. फक्त रोज कळवत जा.” सोसायटीत मात्र प्रत्येकीचा एकच प्रश्न, “मिस्टर येतायत ना?” मी नाही म्हटलं, की “मग मुलगा असेल.” तेही नाही म्हटलं, की समोरचीच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला सहन व्हायचं नाही. कीव असायची ती. मी आजारी असल्यासारखी.

माझी अर्धी सुरक्षितता त्या टेबलावरच तयार झाली, असं मी आता ठामपणे सांगते. हॉटेलं निवडताना मी चित्रं बघितली नाहीत, नकाशा बघितला. स्टेशनपासून पाच मिनिटांच्या आत, मोठ्या रस्त्यावर, रात्रभर उघडं दुकान जवळ, खाली काउंटरवर चोवीस तास माणूस. एकट्या बायकांनी लिहिलेले अभिप्राय तेवढे वाचले. जपानमध्ये एका माणसाची खोली ही वेगळी गोष्टच असते, अगदी छोटी, पलंग, खुर्ची आणि बाथरूम. तिचे पैसे एकाचेच. टूरमध्ये एकट्या बाईला खोलीसाठी जादा भरावे लागतात, ते इथे नाही. विमानही असं निवडलं की दुपारी उतरेल. नव्या शहरात पहिलं पाऊल उजेडात टाकायचं हा माझा नियम मी प्रत्येकीला सांगते, चार हजार रुपये जास्त गेले तरी चालतील.

औषधांचा डबा ह्यांनी भरून दिला. सर्दीच्या ज्या गोळ्या मी प्रवासात हमखास नेते, त्या त्यांनी बाजूला काढल्या. स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेताच येत नाहीत, आणि कोडीनच्या खोकल्याच्या औषधांवरही बंधनं आहेत. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या गोळ्यांसाठी तिथे विमानतळावर अडचण होऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्या आत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घेतल्या. तक्त्याच्या चार प्रती काढल्या. एक ह्यांच्याकडे, एक मुलाकडे, एक बॅगेत, एक अंगावरच्या पाकिटात. तक्त्याच्या पाठीमागे ११० पोलीस, ११९ रुग्णवाहिका, टोकियोतला आपला दूतावास आणि ओसाकातलं वकिलातीचं कार्यालय यांचे नंबर लिहिले.

आता टोकियोचा हानेदा विमानतळ. हल्ली व्हिसा पासपोर्टवर चिकटवत नाहीत, फोनवर दाखवावा लागतो. तोही इंटरनेटवर जिवंत उघडून, छापील कागद किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. आणि माझं निघण्याआधी विकत घेतलेलं ई-सिम उतरल्या उतरल्या चालेना. रांग पुढे सरकत होती, तळहात ओले झाले होते. मग डोळे मिटून तीन श्वास घेतले आणि रांगेतून बाहेर आले. रांगेतून बाहेर पडायची मुभा आपल्याला असते, हे त्या क्षणी सुचलं याचं मला आजही समाधान आहे. विमानतळाचं मोफत वायफाय जोडलं, व्हिसाचं पान उघडलं, पुन्हा शेवटी जाऊन उभी राहिले. वीस मिनिटं गेली, बाकी काही नाही. बाहेर आल्यावर स्टेशनवर सुइका कार्ड घेतलं, आधी पैसे भरून ठेवायचं गाड्यांच्या भाड्याचं कार्ड, आणि आसाकुसाची थेट गाडी पकडली. माझं हॉटेल टोकियोच्या त्याच भागात होतं.

आमच्या घरात लहानपणापासून नियम, दिवेलागणीच्या आत घरात. पन्नाशी उलटली तरी तो अंगात मुरलेला आहे. पण नोव्हेंबरात टोकियोत सूर्य साडेचारलाच मावळतो! दुसऱ्या दिवशी उएनोच्या बागेत होते आणि बघता बघता अंधार झाला. पोटात गोळा आला, पाय आपोआप हॉटेलकडे वळले. मग थांबून आजूबाजूला बघितलं. पाठीवर दप्तर घेतलेली सात-आठ वर्षांची मुलं एकेकटी घरी चालली होती. एक आजी काठी टेकत भाजी घेऊन येत होत्या. सायकलवर मागे बाळ बसवलेली आई सिग्नलला थांबली होती. तेव्हा माझा नियम मी बदलला. घड्याळाकडे आणि आभाळाकडे बघायचं सोडलं, रस्त्यावर बायका-मुलं-म्हाताऱ्या आहेत का ते बघायला लागले. त्या दिसेनाशा झाल्या की आपणही परतायचं. हा नियम मला पंधरवडाभर पुरला. ज्या गल्लीत फक्त पुरुष आणि रंगीत पाट्या दिसल्या तिथून मी भर संध्याकाळी मागे फिरले, आणि सेन्सोजीच्या देवळाच्या आवारात रात्री नऊला निर्धास्त बसले. मुख्य मंडप बंद होतो पण आवार खुलं असतं, लाल खांबांवर दिवे असतात. इतकी शांत आणि उजळ रात्र मी एकटीने याआधी कधी अनुभवली नव्हती.

तरी जपान सुरक्षित आहे म्हणजे तिथे काहीच होत नाही, असं समजून जाऊ नका. स्टेशनांवर ‘चिकान’विरुद्ध फलक दिसतात. चिकान म्हणजे गर्दीत बायकांना हात लावणारा. टोकियो पोलिसांच्या ‘डिजी पोलीस’ नावाच्या ॲपमध्ये त्यासाठी खास सोय आहे. बटण दाबलं की पडद्यावर मदतीची विनंती मोठ्या अक्षरात येते, पुन्हा दाबलं की मोठ्याने ‘यामेते कुदासाइ’, म्हणजे थांबा, असं ऐकू येतं. मी ते उतरवून ठेवलं होतं. सकाळच्या गर्दीत बऱ्याच मार्गांवर बायकांचा डबाही असतो, फलाटावर गुलाबी खूण असते. लग्नाआधी मी सहा वर्षं डोंबिवलीहून व्हीटीला लोकलने जायचे, त्यामुळे गुलाबी खूण दिसताच माहेरी आल्यासारखं वाटलं. मात्र डबा एकदम चिडीचूप. कुणी वालाच्या शेंगा सोलत नाही, कुणी भजन म्हणत नाही, फोनवरसुद्धा बोलत नाहीत. तरीही खांद्याला खांदा लागल्यावर शरीर आखडत नाही, तो मोकळेपणा अगदी तोच.

एकदाच मला भीती वाटली. शिंजुकु स्टेशनच्या बाहेर संध्याकाळी एक गृहस्थ इंग्रजीत बोलायला लागले. कपडे नीटनेटके, बोलणं मवाळ. भारतातून आलात का, किती दिवस आहात, एकट्याच का, आणि मग, कुठे उतरलात? मी उत्तर देणारच होते. खरं सांगते, हॉटेलचं नाव जिभेवर आलं होतं. कुणी नीट विचारलं तर नीट उत्तर द्यायचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. आपला भिडस्तपणा हाच परक्या गावात आपला सगळ्यात मोठा धोका आहे, असं माझं मत झालंय. मी म्हटलं, “मुलगा आत वाट बघतोय,” आणि चालू लागले. ते मागे यायला लागले. पंचवीस-तीस पावलांवर एक कोंबिनी होतं. कोंबिनी म्हणजे चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान, जपानमध्ये ते जवळपास प्रत्येक वळणावर असतं. अडचणीत आलेल्या बायकांना आणि मुलांना आसरा देणं ही दुकानं आपलं काम मानतात. मी सरळ आत शिरले आणि गल्ल्यावरच्या मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहिले. गरम चहाची बाटली घेतली, सावकाश पैसे मोजले. तिने माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि “दाइजोबु?” म्हणाली. ठीक आहात ना? मी मान हलवली. दहा मिनिटं तिथेच थांबले. बाहेर कुणी नव्हतं. तो माणूस कदाचित निव्वळ गप्पिष्टही असेल. पण ते सिद्ध करण्याची जबाबदारी माझी नव्हती, हे मला त्या चहाच्या बाटलीसोबत कळलं.

भीतीपेक्षा थकवा जास्त चकवतो, हेही सांगायला हवं. योकोहामाला दिवसभर चालून परत येताना गाडीत डोळा लागला. योकोहामाहून येणारी केइक्यू कंपनीची गाडी टोकियोत शिरली की तीच आसाकुसा मेट्रोची होते आणि पुढे तिसऱ्या कंपनीच्या रुळांवर जाते. जाग आली तेव्हा डबा रिकामा, दिवे तसेच, स्टेशन ताकासागो. शेवटचं स्टेशन. रात्रीचे पावणेदहा, फोनमध्ये चार टक्के. काळजाचं पाणी झालं. पण मग आठवलं, अंगावरच्या पाकिटात तक्ता आहे. फलाटावरच्या कर्मचाऱ्याला ‘सुमिमासेन’, म्हणजे माफ करा, म्हणून तो दाखवला. त्याने हॉटेलच्या ओळीवर बोट ठेवलं, खिशातून छोटी वही काढली, फलाटाचा नंबर लिहिला, गाडीची वेळ लिहिली आणि खाली ठळक ‘ए १८’. प्रत्येक स्टेशनला तिथे अक्षर आणि आकडा असतो, आसाकुसाचा ए १८. लिपी येत नसली तरी आकडा वाचता येतो. तो मला फलाटापर्यंत सोडायला आला, निशि-मागोमेला जाणारी गाडी येईपर्यंत थांबला, आणि गाडी सुटताना वाकला. मी ए २०, ए १९ मोजत डोळे ताठ उघडे ठेवून बसले. चौथ्या दिवसानंतर मग मी रोज दुपारी तासभर झोपायला परत यायचे. बघायची ठिकाणं कमी झाली, पण एकही राहून गेलं असं वाटलं नाही.

ह्यांना रोज रात्री नऊला निरोप पाठवायचे. पुण्यात तेव्हा साडेपाच, दुकानात चहाची वेळ. त्या रात्री मात्र हॉटेलवर आल्यावर पाठवला, “पोचले. झोपते.” सविस्तर हकिकत दुसऱ्या दिवशी सांगितली. मध्ये साडेतीन तासांचं अंतर असताना कुणाला रात्रभर जागं ठेवून उपयोग नव्हता.

जेवणाचं सांगायलाच हवं, कारण माझं मुख्य सुख तिथे दडलेलं निघालं. शाकाहारी माणसाला जपान कठीण आहे. भाजीचं सूपसुद्धा बहुधा माशाच्या अर्कात शिजवतात, त्याला दाशी म्हणतात. मी एका कार्डावर जपानीत लिहून घेतलं होतं की मांस, मासे आणि माशाची दाशी मी खात नाही. कोंबिनीतला गरम करून मिळणारा साधा भात, त्यावर घरचं मेतकूट आणि तूप, हे रात्रीचं. पण दुपारी मी रोज बाहेर खायचे. पुण्यात मी कधीच हॉटेलात एकटी जेवले नव्हते. कधीच म्हणजे कधीच. पार्सल घेऊन घरी यायचे. आसाकुसात पहिल्या दिवशी एका नूडल्सच्या दुकानाबाहेर पाच मिनिटं उभी होते. दार सरकवलं, आतली बाई पुढे आली आणि तिने विचारलं, “ओहितोरिसामा देसु का?”

हितोरि म्हणजे एकटा माणूस. पुढचा ‘ओ’ आदराचा, मागचा ‘सामा’ त्याहून मोठ्या आदराचा, देवाला आणि पाहुण्याला लावतात तो. एकटीला तिथे अशी हाक आहे. मी बोट वर केलं, तिने आत आवाज दिला, आणि मला लांब लाकडी काउंटरच्या एका खुर्चीवर बसवलं. उजवीकडे ऑफिसातला माणूस एकटा, डावीकडे साठीची बाई एकटी. पायाशी पर्ससाठी टोपली. चार माणसांचं टेबल अडवल्याचा अपराधीपणा नाही, समोरची रिकामी खुर्ची नाही. कार्ड दाखवल्यावर तिने मान हलवून दाशी नसलेलं एकच काय ते आणून दिलं, थंड टोफू, लोणचं आणि भात. मी हळूहळू जेवले. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

क्योतोला जाताना बॅग मी हॉटेलच्या काउंटरवर दिली. काळ्या मांजरीचं चित्र असलेल्या कुरिअरच्या गाडीतून ती दुसऱ्या दिवशी क्योतोच्या हॉटेलात हजर. मी फक्त पाठीवरची पिशवी घेऊन शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, बसले. एकट्या बाईचे दोन्ही हात मोकळे असणं फार महत्त्वाचं. क्योतोच्या हॉटेलात सार्वजनिक स्नानगृह होतं. बायकांच्या दाराला आकड्यांचं कुलूप, आकडे चेक-इनच्या वेळी फक्त बायकांना चिठ्ठीवर देतात. आत सगळ्या विवस्त्र. दोन दिवस मी दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या रात्री गेले. कुणीही वर बघितलं नाही. शेजारच्या आजींच्या पाठीवर शस्त्रक्रियेचा लांब व्रण होता, माझ्या पोटावर सिझेरियनचा. गरम पाण्यात आम्ही दोघी गळ्यापर्यंत बुडून बसलो होतो.

ओकायामा तिथून तासाभरावर. ट्रामने शिरोशितापर्यंत गेले, नदीवरचा पूल ओलांडला, आणि कोराकुएनचं दार. आत पाऊल टाकलं आणि ओळख पटली. तीच मोठी हिरवळ, तशीच टेकडी, तसंच वळणं घेत जाणारं पाणी. इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ साली काम सुरू केलं, १७०० साली बाग पुरी झाली. मागे काळाकुट्ट किल्ला, त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. मध्ये एक उघडं लाकडी घर आहे, र्‍यूतेन. त्याच्या पोटातून ओढा वाहतो, पाण्यात निरनिराळ्या रंगांचे सहा दगड. बूट काढून फळीवर बसले. पाणी पायांखालून जात होतं. तक्त्यात त्या दिवशी ‘दोन तास’ लिहिलं होतं. मी बाग बंद व्हायच्या घोषणेपर्यंत बसले. कुणाला विचारावं लागलं नाही, कुणाचे पाय दुखत नव्हते, कुणाला बस गाठायची नव्हती.

परत आल्यानंतरच्या आठवड्यात सकाळी उद्यानातून फिरून निघाले. घरी नाश्ता करायचा कंटाळा आला होता. सिंहगड रोडवर एक नेहमीचं हॉटेल आहे, तिथे शिरले. वेटर म्हणाला, “किती जण, ताई?”

“एक.”

त्याने खिडकीजवळचं टेबल पुसलं. मी उत्तप्पा मागवला, आणि नंतर फिल्टर कॉफी, जरा स्ट्राँग.